काट्याला न कळणारी गोष्ट

दिवाळी अंक उघडणाऱ्या वाचकाच्या शेजारी चकलीची ताटली असते, हे मी गृहीत धरून चालतो. ती तिथेच असू द्यावी. मी वजन उतरवण्याविषयी लिहिणार आहे खरा, पण सणासुदीला कुणाचा घास अडवण्याचे पाप माझ्याकडून होणार नाही. मला सांगायचे आहे ते निराळेच. माणसाचे वजन उतरते तेव्हा त्याच्या अंगातून नक्की काय जाते? काटा म्हणतो, पाच किलो गेले. ते पाच किलो चरबीचे की मांसाचे, हे काट्याला कळत नाही आणि तो सांगतही नाही. ते कळून घेण्यासाठी युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांची शंभराहून अधिक वर्षे खर्ची पडली. कुणी त्यासाठी डोंगर चढले, कुणी महिनाभर नुसत्या पाण्यावर राहिले, आणि काही माणसे तर जिवानिशी गेली.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालो, विद्यार्थी म्हणून शाळेतून बाहेर पडलो आणि मास्तर म्हणून पुन्हा आत शिरलो, तो अजून आतच आहे. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. रसायनशास्त्राशी माझा संबंध इतकाच की प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली काही वर्षे माझ्याकडे होती. असा माणूस शब्दकोश उशाला घेऊन युरिया आणि नत्र यांच्या मागे का लागला, याला एक सकाळ कारण झाली. ती आधी सांगून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी माझे वजन ८४ किलो होते. रक्तात साखर डोकावू लागली होती. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून सांगितले. कसे उतरवायचे ते मी स्वतःच्या हुशारीने ठरवले. सकाळी कोरा चहा, दुपारी एक भाकरी आणि काकडी-टोमॅटो, रात्री भाज्यांचे पाणी. डाळ जड असते म्हणून सोडली. दुधात स्निग्धांश म्हणून दूध सोडले. अंडी पूर्वी आवडीने खात असे, तीही सोडली, कारण त्यागात एकदा गोडी लागली की माणसाला थांबवत नाही. पाच महिन्यांत १५ किलो उतरले. शिक्षकांच्या खोलीत माझा सत्कारच व्हायचा बाकी होता. जुने सदरे शिंप्याकडे देताना मला जो आनंद झाला तो माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हाही झाला नव्हता.

माझ्या आईचे पाय गेली काही वर्षे काम देत नाहीत. रोज सकाळी तिला पलंगावरून उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसवणे हे माझे काम. त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे तिच्या पाठीखाली एक हात आणि गुडघ्यांखाली दुसरा घातला, उचलले, आणि पलंग व खुर्ची यांच्या मध्यावर माझे दंड थरथरू लागले. तिला पडू न देता जमिनीवर टेकवण्याइतके भान राहिले, एवढेच. आम्ही दोघे मायलेक फरशीवर बसलो होतो. तिने माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "अरे, तुझे हात गेले कुठे रे?"

या प्रश्नाचे उत्तर शोधत मी जो निघालो तो थेट एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत जाऊन पोचलो.

तेथे त्या काळी युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाचा शब्द प्रमाण मानला जात होता. १८४२ साली त्याने प्राण्यांच्या रसायनाविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की पिष्ट आणि चरबी या केवळ अंगात ऊब ठेवण्यापुरत्या. हातापायांनी काम होते ते मात्र स्नायू स्वतः झिजून. म्हणजे हमालाने पोते उचलले की त्याच्या दंडाचा एक अंश जळाला, आणि तो भरून काढायचा तर मांस, दूध, डाळ अशा प्रथिनांनीच. ऐकायला हे फार पटण्यासारखे होते. राबणाऱ्याने मांस खावे आणि बसणाऱ्याने भात, असा सोपा न्याय त्यातून निघत होता. १८६५ साली तर लीबिगच्या नावाची एक कंपनीच निघाली आणि दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात फ्राय बेंटोस येथे गोमांसाचा अर्क काढून बरण्यांतून युरोपला पाठवू लागली. त्या अर्कात चव पुष्कळ होती. पोषण फारसे नव्हते, हे मागाहून दिसून आले.

लीबिगचे म्हणणे पारखायचे कसे? येथे या कथेतला मुनीम प्रवेश करतो, आणि तो मुनीम म्हणजे नत्र. तूप, तेल, साखर, पीठ यांतील स्निग्ध आणि पिष्ट भागात नत्र नसतो, प्रथिनांत असतो. अंगात प्रथिन जळाले की त्यातला नत्र बहुतांशी युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर पडतो. तेव्हा चोवीस तासांची लघवी जमवून तिच्यातला नत्र मोजला तर त्या दिवशी किती प्रथिन खर्ची पडले याचा हिशेब लागतो. एक ग्रॅम नत्र म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिन, आणि तेवढे प्रथिन सुमारे तीस ग्रॅम ओल्या मांसात असते. सणाच्या अंकात लघवीचा विषय काढल्याबद्दल क्षमा असावी. पण माणसाच्या आत काय चालले आहे याची खरी बातमी बाहेर आणणारा दुसरा दूत त्या काळी नव्हता.

हा हिशेब घालायला झ्यूरिकमधले दोन प्राध्यापक पुढे आले. एक आडॉल्फ फिक, शरीरक्रियाशास्त्राचा. दुसरा योहानेस विस्लिसेनुस, रसायनाचा. दोघेही तेव्हा तिशीच्या घरातले. ३० ऑगस्ट १८६५ रोजी हे दोघे स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न नावाचा डोंगर चढले. हा डोंगर निवडण्याचे कारण व्यवहारी होते. ब्रिएन्झ सरोवराच्या बाजूने त्याची चढण उभी आहे, आणि माथ्यावर उतरायला हॉटेल होते. प्रयोगासाठी देह झिजवावा, पण रात्री गादी असावी, हा विचार मला फार सुज्ञपणाचा वाटतो.

चढण्याच्या आदल्या दिवशी दुपारपासून दोघांनी प्रथिन वर्ज्य केले. त्यांचे खाणे काय होते म्हणता? पिष्टाचे गोळे चरबीत तळून केलेल्या लहान लहान वड्या, आणि साखर घातलेला चहा. थोडी बिअर आणि वाइनही होती. म्हणजे वाइन वजा केली तर तो आपला दिवाळीचा फराळच की! मैदा, तूप, साखर. लीबिग खरा असता तर असे खाऊन डोंगर चढणाऱ्या माणसाच्या मांड्यांचे मांस वितळून जायला हवे होते आणि लघवीतला नत्र उसळायला हवा होता.

दोघे पहाटे निघाले ते दुपारी माथ्यावर पोचले. वाटेतली लघवी त्यांनी बाटल्यांत जपून नेली. वर पोचल्यावर विश्रांतीच्या काळातली वेगळी ठेवली. मग संध्याकाळी मांसाचे भरपेट जेवण केले आणि रात्रीचीही जमवली. आता आकडेमोड. फिकचे वजन सामानसुमानासह ६६ किलो आणि चढण १,९५६ मीटर. म्हणजे त्याने केलेले काम १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर. विस्लिसेनुस ७६ किलोंचा, तेव्हा त्याचे काम १,४८,६५६. हे नुसते देह वर नेण्याचे काम. हृदयाचे ठोके, श्वासोच्छ्वास, तोल सावरणे यांचा खर्च त्यात धरलेलाच नाही. आणि एवढ्या वेळात जळालेले प्रथिन? प्रत्येकी अवघे ३७ ग्रॅमच्या आसपास. काही मुठी डाळीत असते तेवढे.

पण ३७ ग्रॅम प्रथिनातून शक्ती किती निघते, हे तोवर कुणी मोजलेलेच नव्हते. ते लंडनमध्ये फिकच्या बहिणीच्या नवऱ्याने, एडवर्ड फ्रँकलंडने मोजले. १८६६ साली त्याने निरनिराळे खाद्यपदार्थ उष्णतामापकात जाळून पाहिले. हिशेब असा निघाला की तेवढ्या प्रथिनाचा कण न् कण कामी आला असता तरी फिकला डोंगराच्या साधारण मध्यापर्यंतच जाता आले असते. उरलेला डोंगर तो कशावर चढला? उघडच पिठावर आणि चरबीवर. स्नायू हे यंत्र आहे, सरपण नव्हे. म्युनिकच्या कार्ल फॉन फॉइटने कुत्र्याला चाकावर पळवून हेच आधी पाहिले होते: पळण्याने नत्र फारसा वाढत नाही. फॉइटने आणखी एक गोष्ट ताडली, आणि ती आपल्या कामाची आहे. पिष्ट किंवा चरबी खाऊ घातली तर प्रथिनांची नासाडी कमी होते. 'प्रथिन-बचत' ही कल्पना तेथून निघते.

येथवर वाचून मला बरे वाटले आणि कोडेही पडले. काम केल्याने स्नायू झिजत नाहीत, तर माझे दंड झिजले कशाने? मी तर साधी बागेतली फेरीही मारत नव्हतो.

याचे उत्तर डोंगरावर नव्हते. ते बॉस्टनच्या एका पलंगावर होते.

१९१२ च्या एप्रिलमध्ये माल्टा बेटावरून आगोस्तिनो लेव्हान्झिन नावाचे एक गृहस्थ बॉस्टनच्या पोषण प्रयोगशाळेत दाखल झाले. उपवासाने सर्व रोग बरे होतात अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेची पारख विज्ञानाने करावी अशी इच्छा. प्रयोगशाळेचा प्रमुख फ्रान्सिस बेनेडिक्ट याला असाच माणूस हवा होता. १४ एप्रिलपासून एकतीस दिवस लेव्हान्झिन यांनी शुद्ध केलेल्या पाण्यावाचून काहीही घेतले नाही. आपल्याकडच्या एकादशीसारखे साबुदाण्याचे पळवाटशास्त्र तेथे नव्हते. रात्री त्यांना उष्णतामापक पेटीतल्या बिछान्यावर निजवत. श्वास, उष्णता, वजन, लघवी, सगळ्याची नोंद होत असे. बेनेडिक्टने १९१५ साली त्यावर मोठे पुस्तक काढले. त्यातली कोष्टके मी रात्र रात्र पाहिली आहेत. एखादी कादंबरी वाचावी तशी ती वाचता येतात.

लेव्हान्झिन यांचे वजन ६०.६ किलोंवरून ४७.४ किलोंवर आले. पण खरी कथा नत्राच्या रकान्यात आहे. पहिल्या दिवशी सात ग्रॅमच्या आसपास नत्र बाहेर पडला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो चढत गेला आणि चौथ्या दिवशी बाराच्या जवळ पोचला. म्हणजे त्या एका दिवसात त्यांच्या अंगचे सुमारे साडेतीनशे ग्रॅम मांस गेले. मग आकडा हळूहळू उतरू लागला, आणि एकतिसाव्या दिवशी पुन्हा सातच्या घरात आला. उपवास जसा लांबला तसे शरीर मांसाच्या बाबतीत कंजूष होत गेले. पण कंजूष झाले, तरी खर्च थांबला नाही. शेवटच्या दिवशीही दोनशे ग्रॅम मांस गेलेच.

असे का व्हावे? अंगात चरबी असताना शरीराने मांसाला हात का लावावा? कणगीत धान्य असताना घराचे वासे कोण जाळतो? याचा उलगडा पुष्कळ उशिरा झाला. मेंदूला नेहमी लागते साखर. यकृतातला साखरेचा साठा एखाद्या दिवसात संपतो. चरबीच्या आम्लांची साखर बनत नाही. मांसातल्या प्रथिनाची बनते. म्हणून पहिल्या काही दिवसांत शरीर मेंदूसाठी वासेच काढू लागते. पुढे चरबीपासून यकृत 'कीटोन' नावाचे पदार्थ बनवते आणि मेंदू त्यांवर भागवून घ्यायला शिकतो. ऑलिव्हर ओवेन आणि जॉर्ज केहिल यांनी १९६७ साली, कित्येक आठवडे उपाशी ठेवलेल्या स्थूल रुग्णांच्या मेंदूकडून येणारे-जाणारे रक्त तपासून हे दाखवले. बेनेडिक्टच्या रकान्यातला तो उतार पंचावन्न वर्षांनी असा बोलू लागला. तत्पूर्वी दुसऱ्या महायुद्धात, तराफ्यावर अडकलेल्या खलाशांना काय द्यावे या प्रश्नावर जेम्स गॅम्बल याने काम केले होते. दिवसाला १०० ग्रॅम साखर दिली तरी प्रथिनाचा नाश जवळजवळ निम्म्यावर येतो, हे त्यात दिसले. फॉइटची बचत ती हीच.

आणखी एक बाब आहे, आणि ती मला स्वतःला लागू पडली म्हणून अधिक झोंबली. चरबीला कोठार आहे, प्रथिनाला नाही. जे प्रथिन आहे ते सगळे कामावर लागलेले: दंडात, मांडीत, यकृतात, हृदयात. खर्चाला म्हणून बाजूला ठेवलेले असे काही नाहीच. मी डाळ, दूध आणि अंडी एकदम बंद केली तेव्हा शरीराने रोजची डागडुजी कशातून करायची? ज्याचा वापर नाही त्यातून. खुर्चीत बसून वह्या तपासणाऱ्या मास्तराचे दंड त्याला सर्वांत बिनकामाचे वाटले असणार. घर फिरले म्हणजे घराचे वासे फिरतात म्हणतात; येथे तर घरमालकानेच ते फिरवले होते.

पूर्ण उपवासापेक्षा अर्धपोटी राहणे हे माझ्या प्रकाराच्या जवळचे, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात आहे. फुटबॉलच्या मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखाली काही खोल्या होत्या. युद्धात शस्त्र धरायला सदसद्विवेकाने नकार दिलेले ३६ तरुण १९४४ च्या नोव्हेंबरात तेथे राहायला आले. युद्ध संपल्यावर युरोपातल्या भुकेल्यांना पुन्हा खाऊ कसे घालावे, हे शिकायचे तर आधी कुणीतरी उपाशी राहायला हवे, म्हणून ते स्वखुशीने राहिले. प्रयोगाचा प्रमुख अँसेल कीज. तीन महिने नेहमीचे अन्न, आणि १२ फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे अर्धपोट: दिवसाला दोन जेवणे, बटाटे, सलगम, काळा पाव, मॅकरोनी, सगळे मिळून सुमारे १,५७० उष्मांक. वर आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे.

या तरुणांचे सरासरी वजन ६९ किलोंच्या आसपास होते, ते ५३ वर आले. मुळातच सडपातळ होते ते. जाळायला चरबी थोडी. त्यामुळे जे वजन गेले त्यात चरबीचा वाटा निम्म्याहूनही कमी होता. उरलेले मांसाचे. हातातली पकड गेली, जिने चढवेनात, हृदयाचा आकारसुद्धा लहान झाला. ही मुले पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसत. दिवाळी अंकातली फराळाची पाने त्यांच्या हाती पडली असती तर त्यांनी ती पाठ केली असती. मला त्यांचे हसू येत नाही. माझ्या पाच महिन्यांत मीही रात्री कादंबरी लिहिताना पात्रांना उगीचच पुरणपोळी खायला बसवीत असे. संपादकांनी ती प्रकरणे कापली, ते योग्यच झाले.

सगळ्यांत विचित्र गोष्ट पुढे घडली. त्यांना पोटभर खायला मिळू लागले तेव्हा चरबी झपाट्याने परतली, पूर्वीपेक्षा अधिक झाली. मांस मात्र रेंगाळत मागून आले. वजन पूर्वीइतके दिसत होते, पण माणूस पूर्वीचा नव्हता. वर्षातून दोनदा वजन उतरवणारे आणि तीनदा वाढवणारे आपल्या ओळखीचे जे लोक आहेत, त्यांच्या अंगात काय अदलाबदल चाललेली असते याची कल्पना यावरून करावी.

या प्रकरणात एका मराठी माणसाचेही नाव येते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि नंतर पुण्यात. १९५०-६० च्या दशकांत जगभर असा गवगवा होता की गरीब देशांना भेडसावते आहे ती प्रथिनांची तूट. सुखात्मे आकडे मांडून म्हणाले, की तूट आहे ती एकंदर अन्नाची. पोटच अर्धे असेल तर खाल्लेली डाळसुद्धा सरपण म्हणून जळते. ती मांस बांधायला उरत नाही. भाकरी पुरेशी मिळाली तर त्याच डाळीचे काम होते. नत्राच्या वहीतली ती जुनी नोंद त्यांनी आपल्या शेतमजुराच्या ताटावर लावून दाखवली. मी मात्र भाकरीही कमी केली होती आणि डाळही. गरिबाला जे नाइलाजाने भोगावे लागते ते मी हौसेने अंगावर घेतले, याची लाज वाटते.

मग स्थूल माणसाने खाणे कमी केले तरी मांस राखावे कसे? १९७० च्या सुमारास बॉस्टनचे जॉर्ज ब्लॅकबर्न हे शल्यविभागातल्या रुग्णांकडे पाहत होते. शस्त्रक्रियेनंतर माणसे खाटेवर पडल्या पडल्या मांसाने झिजत, आणि त्यांना पोषण म्हणून नुसते साखरेचे पाणी शिरेतून दिले जाई. प्रथिनाचे घटक दिले तर झीज थांबते का, असे त्यांनी पाहिले. त्यातूनच स्थूल माणसांसाठी एक उपाय निघाला. ब्रूस बिस्ट्रिअन हे त्यांचे सहकारी. उपाय असा: उष्मांक अगदी थोडे, पण प्रथिन भरपूर, तेही खरे अन्न: चरबी नसलेले मांस, मासे, कोंबडी. बरोबर क्षार आणि जीवनसत्त्वे, आणि सतत वैद्यकीय देखरेख. चरबी घरची जाळायची आणि वाशांसाठी लाकूड बाहेरून आणायचे, असा तो बेत होता.

बेत चांगला होता. पण बाजाराने तो हिसकावून घेतला. १९७६ साली रॉबर्ट लिन नावाच्या अमेरिकी वैद्याने 'शेवटची संधी' अशा अर्थाचे नाव दिलेले आहाराचे पुस्तक काढले. ते खूप खपले. त्यात अन्नाची जागा एका प्रथिनद्रवाने घेतली होती. तो द्रव बनत असे जनावरांची कातडी, स्नायुबंध असल्या कत्तलखान्यातल्या उरल्यासुरल्या मालातून. नत्र मोजला तर तेही प्रथिनच. पण मांस बांधायला जी सर्व घटकांची जुळणी लागते ती त्यात नाही. ट्रिप्टोफॅन हा आवश्यक घटक तर मुळीच नाही. क्षारांचीही वाण. पाहता पाहता तसल्या द्रवांच्या बाटल्या दुकानादुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. १९७७ च्या अखेरीपर्यंत सुमारे साठ मृत्यूंची नोंद झाली होती. त्यांतल्या निवडक प्रकरणांची बारकाईने तपासणी झाली तेव्हा दिसले की पुष्कळजणी तरुण स्त्रिया होत्या, कित्येक महिने त्या द्रवावर होत्या, वजन भराभर उतरत होते, आणि एके दिवशी हृदयाची लय बिघडून त्या गेल्या. काटा त्यांना रोज शाबासकी देत होता. हृदय हाही स्नायूच आहे, एवढे त्याला ठाऊक नव्हते.

त्या बाटल्या पुढे मागे पडल्या. पण मला ही हकीकत वाचल्यावर काही दिवस आईसमोर उभे राहवेना. मीही पाच महिने काट्याचीच शाबासकी घेत होतो.

यापुढचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे, कारण तो आता बहुतेकांच्या कानावर असतो. १९८८ साली मिशिगनमध्ये स्थूल स्त्रियांवर आठ आठवडे प्रयोग झाला. नुसते कमी खाणाऱ्या स्त्रियांचे मांस थोडे गेले. तेवढेच कमी खाऊन वजने उचलणाऱ्यांचे मांस गेले नाही, किंचित वाढलेही. २०१६ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात चाळीस तरुणांना गरजेच्या चाळीस टक्के कमी अन्न देऊन चार आठवडे कसून व्यायाम करायला लावला. देहाच्या दर किलोला २.४ ग्रॅम प्रथिन घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलो गेली आणि चरबीविरहित वजन वर सव्वा किलोच्या आसपास वाढले. त्याच्या निम्मे प्रथिन घेणाऱ्यांचे वाढले नाही, पण घटलेही नाही. ते तरुण होते आणि आठवड्याचे सहा दिवस घाम गाळत होते. चाळिशी उलटलेल्या मास्तराने आपल्यापुढे तो कित्ता ठेवू नये. तरी शिकण्यासारखे आहेच. फिक डोंगर चढला तेव्हा कामाने स्नायू झिजत नाहीत हे कळले; दीडशे वर्षांनी उलट बाजू कळली, की खाणे तुटपुंजे असताना स्नायूला टिकवते ते कामच. ज्या वाशावर भार आहे तो शरीर काढत नाही.

आता तर भूक मारणारी इंजेक्शने आली आहेत. भारतात त्यांचा बोलबाला २०२५ पासून झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत काही जणांच्या अंगाची क्ष-किरणांनी मोजदाद केली होती. गेलेल्या वजनातला सुमारे चाळीस टक्के भाग चरबीचा नव्हता. त्यात पाणीही आले, सगळेच मांस नव्हे. आणि ज्यांना ते औषध खरोखर हवे त्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेच. पण औषध नवे असले तरी प्रश्न लीबिगच्या वेळचाच आहे.

माझे म्हणाल तर डॉक्टरांशी बोलून, मूत्रपिंडे ठीक आहेत हे तपासून घेऊन, मी पुन्हा जेवू लागलो. भात कमीच आहे. दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा मोडाची उसळ, दही, सकाळी दोन अंडी, आठवड्यातून दोनदा मासे. आपल्याकडे सांगितलेले किमान प्रमाण दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिन असे आहे. मी त्याहून थोडे वर ठेवतो. घराच्या डागडुजीतून उरलेल्या विटा दोन पिशव्यांत भरून त्या उचलतो. पहिल्या दिवशी एका पिशवीत तीन विटा होत्या. बायको म्हणाली, "अहो, या वयात गवंडीकाम कशाला?" शेजारच्या मुलांनी कुंपणावरून मोजणी सुरू केली, ती अजून चालू आहे. बैठका पाचांवरून चाळिसांवर आल्या. वजन गेल्या दीड वर्षात ७१ किलोंवर थांबले आहे, म्हणजे काट्याच्या मते मी काहीच केलेले नाही.

त्या सकाळनंतर चार महिने आईला उचलायला शेजारचा मुलगा येत असे. श्रावणातल्या एका सोमवारी तो गावी गेला होता. मी पाठीखाली हात घातला, गुडघ्यांखाली घातला आणि तिला खिडकीपाशी नेऊन बसवले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने पोपटी रंगाची लोकर मागितली आणि विणायला बसली.